घर आणि गडग्यामधली पट्टी: समुद्राकाठी बाग कुठल्या क्रमानं करावी

गुहागर, आंजर्ले, मुरूड, दिवेआगर अशा गावांत घरांची ठेवण साधारण एकसारखी असते. किनाऱ्याला समांतर रस्ता, रस्त्याच्या पश्चिमेला घर, घरामागं नारळी-पोफळीचं आगर आणि आगर संपलं की पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. घराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, भिंत आणि गडग्याच्या (आवाराच्या दगडी कुंपणाच्या) मधे, सात-आठ फूट रुंदीची लांबट पट्टी उरते. तिथं बाग करायची म्हणून लोक जूनमध्ये रोपवाटिकेतून गाडीभर रोपं आणतात, चार दिवसांत लावून टाकतात, आणि गणपतीला घरी येईपर्यंत अर्धी करपलेली असतात. दरवर्षी हेच कानावर येतं. रोपं वाईट नसतात, क्रम उलटा झालेला असतो.

समुद्राकाठी क्रम असा धरायचा: आधी वारा, मग पाणी, मग वाट, मग माती, आणि सगळ्यात शेवटी रोपं. एक पावसाळा फक्त बघण्यात जाईल, त्यानंतरचा हिवाळा-उन्हाळा बांधकामात, आणि लागवड दुसऱ्या पावसाळ्यात. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी पहिल्या वर्षी कुंड्या ठेवाव्यात, जमिनीला हात लावू नये.

पुढची मापं ८ फूट रुंद आणि ४० फूट लांब पट्टी धरून दिली आहेत. कौलारू घर, वळचण भिंतीबाहेर अडीच फूट. तुमची मापं वेगळी असतील, पण हिशोब असाच करायचा.

टप्पा १: मोजणी आणि अडथळे

पट्टीची रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका. जुना गडगा क्वचितच घराला समांतर असतो. पुढच्या टोकाला ८ फूट आणि मागच्या टोकाला साडेसहा असं हमखास निघतं. दर दहा फुटांवर मोजून कागदावर लिहा. मग त्याच कागदावर हे दाखवा: वळचणीची कड, सेप्टिक टाकीची आणि सांडपाण्याची झाकणं, नळ, मोटारीची केबल, अर्थिंगचा खड्डा, विजेचा मीटर, एसीचं बाहेरचं युनिट, आणि भिंतीतून कुठं मोरीचं पाणी बाहेर येत असेल तर ती जागा.

उंची-सखलपण डोळ्यानं ठरवू नका. गवंड्याकडची पाणी भरलेली लेव्हलची नळी घ्या आणि दोन्ही टोकांची पातळी जोत्यावर खुणा करून ठेवा. ही खूण पाचव्या टप्प्यात लागणार आहे.

तपासा: गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस पुढल्या अंगणातून मागीलदारी न अडखळता जाईल एवढी जागा मोकळी राहते का? राहत नसेल तर त्या ठिकाणी वाफा नको.

टप्पा २: एक पावसाळा बघणं

लोक हाच टप्पा गाळतात, म्हणून यावर जरा थांबतो.

पूर्व-पश्चिम पट्टीत दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळं समुद्राकडून आलेला वारा आवळला जातो आणि त्याचा जोर वाढतो. उघड्या आगरात जे झाड सुखानं वाढतं तेच या बोळात झोडपलं जातं. पट्टीत तीन ठिकाणी काठ्या रोवा: पश्चिम टोकाला, मधे आणि रस्त्याकडं. प्रत्येक काठीला एक फूट, तीन फूट आणि सहा फूट उंचीवर जुन्या साडीच्या चिंध्या बांधा. जून-जुलैमध्ये कुठल्या चिंध्या फाटून लक्तरं होतात आणि कुठल्या तशाच लोंबतात ते बघा. आमच्या पट्टीत पश्चिमेकडची सहा फुटांवरची चिंधी पंधरा दिवसांत गेली, रस्त्याकडची एक फुटावरची गणपतीपर्यंत शाबूत होती. पुढं कुठं काय लावायचं, याचा अर्धा निर्णय त्या चिंध्यांनीच दिला.

मीठ ओळखायची साधी रीत आहे. वाऱ्याच्या दिवसानंतर, पाऊस पडायच्या आत, खिडकीच्या गजावरून बोट फिरवून जिभेला लावा. पट्टीत आधीपासून जास्वंद असेल तर तिचं पान हातात घ्या. टोकापासून आणि कडेनं तपकिरी, कुरकुरीत झालेलं, आतल्या बाजूला पिवळी रेघ, आणि हे सगळं समुद्राकडच्या फांद्यांवर जास्त, आडोशाच्या बाजूची पानं हिरवीगार: हे खाऱ्या वाऱ्याचं करपणं. खत कमी पडल्यावर झाड असं एका अंगानं करपत नाही. अशा झाडाला खत घालत राहिलात तर आणखी त्रास, कारण रासायनिक खत म्हणजेही क्षारच.

पाणीही बघा. मोठी सर आली की छत्री घेऊन पट्टीत उभे राहा. पागोळी नेमकी कुठं पडते, पाणी कुठं साचतं, ओसरायला किती वेळ लागतो, शेजारच्या आवारातून आत येतं का, हे कागदावर लिहा.

आणि ऊन. आपल्या कोकणात दक्षिणेकडच्या पट्टीला हिवाळाभर चांगलं ऊन मिळतं. उत्तरेकडची पट्टी ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत बहुतेक घराच्या सावलीत असते. मे ते जुलैमध्ये मात्र सूर्य माथ्याच्या उत्तरेला सरकतो आणि तिलाच मेमधलं कडक ऊन लागतं. डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा, दुपारी बारा वाजता सावली कुठवर येते तिथं खडूनं खूण करा.

टप्पा ३: पाणी आणि माती तपासणं

विहिरीचं पाणी मेच्या अखेरीस तपासायला द्या. डिसेंबरात गोड लागणारं पाणी, उपसा वाढला आणि पातळी खाली गेली की, मेमध्ये मचूळ होतं. बागेला नेमकं तेच पाणी द्यावं लागणार असतं. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, मोजून घ्या. अन्न व कृषी संघटनेच्या मापानुसार ०.७ डेसिसीमेन प्रति मीटरपर्यंत काळजी नाही, ०.७ ते ३ मध्ये जपून, ३ च्या वर अवघड. जिभेवर भरवसा ठेवू नका, रोज पिणाऱ्याला मचूळपणा कळेनासा होतो.

मातीचं सोपं आहे. खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता. पुळणीची जमीन असेल तर बघता बघता जिरेल. खाली जांभ्याचा कातळ असेल तर तासाभरानंतरही पाणी तसंच दिसेल. पहिल्या प्रकारात पाणी धरून ठेवण्याची सोय करायची, दुसऱ्यात बाहेर काढण्याची.

टप्पा ४: वारा अडवणं

पहिला खर्च इथं करा.

वारा थांबावा म्हणून पश्चिम टोकाला सलग भिंत बांधणं ही सर्रास दिसणारी चूक. सलग भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडं भोवरा होऊन खाली आदळतो. भिंतीलगतचीच झाडं मोडतात. वारा गाळून घ्यायचा असतो. लाकडी पट्ट्यांची जाळी करा, पट्टी जेवढी रुंद तेवढीच फट सोडा, म्हणजे निम्मा वारा जाईल आणि निम्मा अडेल. अशा आडोशाचा चांगला उपयोग त्याच्या उंचीच्या साधारण पाचपट अंतरापर्यंत होतो, कमी-अधिक दहापटीपर्यंत. म्हणजे सहा फुटांची जाळी आपल्या ४० फुटांपैकी ३० फूट नीट सांभाळते. मागीलदारी जायची वाट तिथूनच असेल तर जाळीचंच फाटक करा.

खांब किमान दोन फूट जमिनीत. खिळे, बिजागऱ्या, कड्या साध्या लोखंडाच्या घेऊ नका. पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ओघळ येतात. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील महाग पडतं, पण समुद्राकाठी तेच टिकतं. बिजागरीला पितळही चालतं. नारळाच्या झापांचा आडोसा स्वस्त आणि देखणा, मात्र तो एका हंगामाचा. नवी रोपं झाकायला उत्तम, कायमचा आडोसा म्हणून नाही.

सावधान: हिरवी शेडनेट पक्की बांधून ठेवू नका. वादळात ती शिडासारखी फुगते आणि खांबासकट उखडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, तिथं जाळीचा काय पाड. वादळाचा इशारा आला की पाच मिनिटांत सोडता येईल अशी बांधा.

टप्पा ५: पागोळीचा चर

उताराच्या छपराची एक बाजू ४० बाय १२ फूट धरली तर साधारण ४५ चौरस मीटर होते. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाई नाही. म्हणजे एका दिवसात साडेचार हजार लिटर पाणी तुमच्या पट्टीत एका सरळ रेषेत पडतं. ती रेषा वाळूत भोकं पाडत जाते, भिंतीवर चिखल उडवते आणि रोपांच्या मुळांवरची माती धुऊन नेते.

म्हणून पट्टीचे लांबीनं तीन भाग करायचे. भिंतीपासून अडीच फूट, वळचणीखाली, वाट. मग एक फूट पागोळीचा चर. उरलेले साडेचार फूट गडग्यापर्यंत वाफा. यात वाट सरींत बरीचशी कोरडी राहते, पाणी चरात पडतं, आणि माती घराच्या भिंतीला लागतच नाही.

चर एक फूट खोल खणा. तळाला दर मीटरला एक सेंटीमीटर उतार द्या. ४० फुटांत म्हणजे १२ सेंटीमीटर, पाचेक इंच. इथं पहिल्या टप्प्यातली जोत्यावरची खूण वापरायची. वाळूत चराच्या तळाला आणि बाजूंना जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं) कापड अंथरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत खडीत वाळू भरून चर बुजतो. वर ४० मिलिमीटर आकाराची खडी आणि अगदी वरती हाताच्या पंजाएवढे गोटे किंवा चपटे दगड. चपटे दगड नीट बसवले, मधे फटी ठेवल्या, तर वाट साडेतीन फुटांची होते.

चराचं तोंड शेजाऱ्याच्या आवारात काढू नका. घरापासून किमान दहा फूट लांब, विहीर आणि सेप्टिक टाकीपासून दूर, आगरात शोषखड्डा घ्या आणि तिथं सोडा.

तपासा: चर भरल्यावर वरच्या टोकाला पाईप लावून दहा मिनिटं पाणी सोडा. खालच्या टोकाला पाणी आलं नाही आणि मधेच वर दिसू लागलं, तर उतार चुकलाय. वाट बांधायच्या आत दुरुस्त करा.

भिंतीला लागून वाफा का नको, हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वेळी जोत्याला लागून दीड फूट माती भरली होती, अबोली छान फुलली होती. दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या खोलीत भिंतीला ओल चढली आणि दाराच्या चौकटीला वाळवी लागली. सगळी माती उपसून काढावी लागली, चौकट बदलावी लागली. तेव्हापासून जोत्याच्या माथ्यापेक्षा किमान सहा इंच खाली माती, आणि भिंत व मातीमधे मोकळी जागा, यात तडजोड करत नाही.

टप्पा ६: वाट

जांभ्याचा चिरा वापरा, पण गुळगुळीत रंधलेला नको. टाकी मारून खरबरीत करून घ्या, कारण पावसात शेवाळ येणारच. खाली तीन इंच मुरूम चोपून, त्यावर पातळ खडीची चुरी, त्यावर चिरे. सांधे सिमेंटनं बंद करू नका, चुरी भरा. वाटेला भिंतीकडून चराकडं दीड सेंटीमीटर उतार द्या.

किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपले आणू नका. त्या वाळूत मीठ असतं, सिमेंटमध्ये गेली तर लोखंड खाते, वाफ्यात गेली तर मुळं. शिवाय किनारा आधीच झिजतोय. पुळणीवरची मर्यादवेलही तिथंच राहू द्या, वाळू तीच धरून ठेवते.

पांढऱ्या गोट्यांचा सोस मला पटत नाही. छायाचित्रात समुद्रकाठ म्हटलं की पांढरे गोटे दिसतात, आपल्याकडं श्रावण संपेपर्यंत ते हिरवेकाळे होतात. काळा कातळ, लाल चिरा, नारळाचं लाकूड आणि पाण्यात भिजवून मुरवलेला बांबू हे इथं शोभतं आणि म्हातारं झालं तरी शोभतं.

दिवे लावणार असाल तर गुडघ्याच्या उंचीचे, खाली तोंड केलेले, आणि पश्चिम टोकाला शक्यतो नकोतच. गुहागर, आंजर्ले, वेळासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, समुद्राकडून दिसणारा प्रखर दिवा त्यांना उलट्या वाटेला लावतो.

टप्पा ७: माती

पुळणीच्या जमिनीत वाफ्याची एक फूट वाळू काढा. त्यातली दोन भाग वाळू, एक भाग लाल माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून परत भरा. ताजं शेण घालू नका, हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. काथ्याचा भुसा घालायचा तर तीन वेळा गोड्या पाण्यात धुऊन, कारण त्यातही क्षार असतात. मासळीचं खत घालणाऱ्यांनीही ते आधी धुऊन आणि कुजवून घ्यावं.

वाळूत ओल धरायला सोडणांसारखं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सालांसारखं, दुसरं काही नाही. वाफ्याच्या तळाला, फूटभर खोल, सोडणांचा एक थर लावा, आतली खोलगट बाजू वर करून, म्हणजे पाणी साठतं. पण तीच सोडणं वरून आच्छादन म्हणून टाकाल तेव्हा खोलगट बाजू खाली, नाहीतर त्यांत पाणी साचून डास होतात. या दोन्हींत लोक हमखास उलटं करतात.

कातळाची जमीन असेल तर खणत बसू नका. गडग्याकडून दीड फूट उंच चिऱ्याचा वाफा बांधा, तळाशी पाणी निघायला दर तीन फुटांवर भोक ठेवा. गवंडी गिलावा करताना ही भोकं बुजवतो, स्वतः उभं राहून बघा.

टप्पा ८: लागवड

समुद्राच्या टोकाची आणि रस्त्याकडची लागवड एकाच दिवशी करायची नाही. रस्त्याकडची, आडोशातली रोपं मृगाचा पहिला जोर ओसरला की लावा. पश्चिम टोकाची मात्र नारळी पौर्णिमेनंतर. तोपर्यंत वारा बसत येतो, माती ओली असते, आणि नव्या पानांवर खाऱ्या वाऱ्याचा मारा होत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात त्यांना पाणी द्यावं लागेल, पण जून-जुलैमध्ये करपून गेलेलं रोप पाण्यानं परत येत नाही.

पश्चिमेकडचे पहिले दहा-बारा फूट: निर्गुंडी, गडांबी कांदा, स्पायडर लिली, सदाफुली. हे खारं सोसतात. निर्गुंडी छाटून चार-पाच फुटांची ठेवली की तिचाच दुसरा आडोसा होतो.

मधला भाग: जास्वंद, कोरफड, गवती चहा. ऊन असेल तर गडग्याच्या कोपऱ्यात एक चाफा, एकच.

रस्त्याकडचा, आडोशाचा भाग: दक्षिणेच्या पट्टीत तुळस, मोगरा, कढीपत्ता, अबोली, मिरची. उत्तरेच्या पट्टीत अळू, हळद, सोनटक्का, आणि गडग्यावर नागवेल.

आता काय नको ते. नारळ तर नकोच. दोन नारळांत साडेसात मीटर अंतर लागतं आणि वाळलेलं झाप कौलांवर पडलं की कौलं जातात. घायपात आणि केवडा समुद्राकाठी उत्तम वाढतात, पण अडीच फुटांच्या वाटेशेजारी त्यांचे काटे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. कण्हेर विषारी आहे, घरात लहान मुलं किंवा गुरं असतील तर टाळा. बोगनवेल वाटेवर झेपावते. लावायचीच तर गडग्याच्या पलीकडं तोंड करून.

अंतर रोपाच्या आजच्या आकारावर ठरवू नका. जास्वंदीला चार फूट लागतात. एवढ्या वाफ्यात झुडपं आणि कंद मिळून पंचवीस-तीस पुरतात, लोक ऐंशी लावतात. पहिल्या वर्षी जागा ओकी दिसेल. मधे झेंडू, चवळी पेरा.

रोपवाटिकेतलं रोप थेट जमिनीत घालू नका. ते शेडनेटखाली वाढलेलं असतं. आणल्यावर आठवडाभर अंगणात आडोशाला, मग आठवडाभर पट्टीतच पिशवीसकट ठेवा. ज्याची पानं तिथं करपली त्याची जागा बदला, खड्डा खणायच्या आत.

तपासा: लावताना रोपाचा गळा मातीच्या वर आहे ना? आच्छादन बुंध्यापासून चार इंच दूर आहे ना? काठीचा आधार वाऱ्याच्या बाजूनं दिला आहे ना? म्हणजे झाड काठीवर घासत नाही, दोरीवर तोललं जातं.

टप्पा ९: पहिलं वर्ष

पाणी मुळाशी द्या, पानांवर मचूळ पाणी उडवू नका. उलट, वारा आला आणि पाऊस आला नाही अशा दिवसानंतर सकाळी गोड्या पाण्यानं पानं धुवा. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी यासाठी राखून ठेवावं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर रोज शिंपडल्यासारखं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर द्या, म्हणजे क्षार मुळांच्या खाली उतरतात.

खत सगळं जूनमध्ये घातलं तर वाळूतून वाहून जातं. निम्मं लावताना, निम्मं पाऊस ओसरताना सप्टेंबरात.

वाटेवरचं शेवाळ खराट्यानं आणि ताठ ब्रशनं काढा. ब्लीचिंग पावडर टाकली तर धुतलेलं पाणी चरातून आगरात जातं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चराच्या दोन्ही तोंडांतला पाला काढा, जाळीच्या बिजागऱ्यांना तेल द्या, सैल झालेले आधार आवळा, आणि मागच्या वर्षीच्या काठ्यांवर नव्या चिंध्या बांधा. आडोसा उभा राहिल्यावर वारा कुठं कमी झाला ते त्या पावसाळ्यात कळेल, आणि कुठल्या मोकळ्या जागेत पुढची जास्वंद लावायची तेही.